इथेच राहतो

सेतुबाल, १२ जुलै २००१

आर्मिंदू,

आपला हेल्डर जिवंत आहे. हे आधी लिहिते. पुढचं वाचताना तू कागद बाजूला टाकशील, तेव्हा निदान एवढं तरी वाचून झालेलं असू दे.

फोनवर सांगितलं नाही, कारण तिथे परदेशात तुमच्या कामगारांच्या बराकीतला फोन येण्याजाण्याच्या वाटेत आहे आणि तुझ्या मागे माणसं खोळंबलेली असतात. अशा वेळी तू नुसतं "हं, हं" करतोस. या गोष्टीला मला तुझं "हं" नको होतं.

मंगळवारी दुपारी खानावळीतून घरी आले. माकुलं तळून तळून हातांना तेलाचा वास, डोकं दुखत होतं, आणि दारात पोलीस. तरुण पोरगा होता. मला बघून त्याने टोपी काढली. टोपी काढून पोलीस कुठली बातमी सांगतो, ते मला ठाऊक होतं. अरे, चार वर्षं हा पोलीस रोज माझ्या दारात येतोय. फक्त मी दार उघडलं की कुणी नसायचं.

मी विचारलं, "कुठे सापडला?"

"लिस्बनला."

"अंगावर कपडे कुठले होते?"

तो गोंधळला. "कपड्यांचं काही लिहिलेलं नाही, बाई." मग माझा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं. "नाही, नाही! बरा आहे तो. खिशात गर्दची पुडी मिळाली, एवढंच. पत्ता इथला दिलाय. मी फक्त खात्री करायला आलोय. हेल्डर इथे राहतो का?"

आणि मी म्हणाले, "हो, इथेच राहतो. आत्ताच पाव आणायला गेलाय."

तोंडातून कसं निघालं माहीत नाही. तू त्याला बाहेर काढून दार लावून घेतलंस त्या दिवशी म्हणाला होतास, या घरात या नावाचं कुणी राहत नाही. मी तेव्हा गप्प बसले. होडीचं इंजिन त्याने विकलं होतं, आणि मला कुणाच्या बाजूने बोलावं ते सुचत नव्हतं. पण चार वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं रे, की तो इथे राहतो का.

मी विचारलं, "आता तुरुंग?" तो म्हणाला, "नाही. एक तारखेपासून कायदा बदललाय. स्वतःपुरता माल असेल, दहा दिवस पुरेल त्याहून जास्त नसेल, तर कोर्ट नाही, तुरुंग नाही. जिथला पत्ता, त्या जिल्ह्याच्या समितीपुढे जायचं. तिथे बोलतात."

"काय बोलतात?"

"ते आम्हालाही अजून कळलेलं नाही, बाई."

ईस्टरला फेलिस्बेलाच्या खानावळीत टीव्हीवर ही बातमी लागली होती, आठवतं? तू म्हणालास, "आता कॉफीबरोबर साखरेऐवजी हेच देतील." सगळे हसले. मीही हसले होते.

सोमवारी सोळा तारखेला त्याला समितीपुढे जायचंय. पोलिसाने दिलेली चिठ्ठी माझ्या हातात आहे, त्याला लिस्बनलाच सोडून दिलंय, आणि तो कुठे आहे मला ठाऊक नाही. तू ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येणार. मधल्या दिवसांत मी काय करू?

इडालिना


सेतुबाल, १९ जुलै

आर्मिंदू,

रविवारी तू फोनवर तारल्यांचा भाव विचारलास, छपराची कौलं विचारलीस. पत्र मिळालं का, असं मीही विचारलं नाही. मिळालं असणार. तू तीनदा विचारलंस, "बाकी सगळं ठीक?" एरवी एकदाच विचारतोस.

सोमवारी मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. नवीन ऑफिस आहे, खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. बसलं की कुरकुरतं. मी चर्चला जाताना घालते तो निळा झगा घातला होता. माझ्या शेजारी एक शाळकरी वयाचा मुलगा आपल्या बापाबरोबर बसला होता. सिगारेटीत काहीतरी भरून ओढताना सापडलेला. बाप त्याच्याकडे बघतही नव्हता. त्यांना आत बोलावलं, थोड्या वेळाने ते दोघं बाहेर आले, आणि बापाने पोराच्या टाळक्यात एक टपली मारली. इतकंच. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून निघून गेला. मला इतका हेवा वाटला, की रडू आलं.

हेल्डर आला नाही.

शेवटी एक बाई बाहेर आली. डॉक्टर टेल्मा म्हणतात तिला, मनाची डॉक्टर. आपल्या हेल्डरहून फार तर दहा वर्षांनी मोठी असेल.

"दोना इडालिना, घरी जा. आम्ही दुसरी तारीख देऊ. तीस तारीख चालेल?"

"मला काय विचारता? पोलीस पाठवा आणि धरून आणा त्याला."

"धरून नाही आणायचं. तो आता गुन्हेगार नाही."

"मग काय पाहुणा आहे?"

तिला हसू आलं. मला नाही आलं. मी म्हटलं, "बाई, माझं पोर सुया टोचतंय आणि तुम्ही त्याला तारखा देताय. न्हाव्याकडे देतात तशा."

ती शेजारी बसली, तिची खुर्चीही कुरकुरली. म्हणाली, "तुमच्या घरीच राहतो ना? मग सांगा त्याला, कुणी ओरडणार नाही म्हणून."

मी म्हटलं, "सांगते."

दुसरं खोटं. पहिलं बोलून झालं, की दुसरं आपोआप येतं.

फेलिस्बेलाच्या खानावळीत दुसरा विषय नाही. तिचा मेव्हणा म्हणतो, आता जगभरचे गर्दुल्ले विमानं भरभरून इथे येतील, समुद्रावर झोपतील. फेलिस्बेला म्हणते, येऊ देत, माकुलं खातील. मी कढईकडे तोंड करून उभी राहते. माझ्याकडे बघून बोलतात की न बघता, ते मला बघायचं नसतं.

मी शनिवारी लिस्बनला जाणार आहे. तू नको म्हणशील, म्हणून शनिवार होऊन गेल्यावरच हे पत्र तुला मिळेल असं बघते.

इडालिना


सेतुबाल, २३ जुलै

आर्मिंदू,

गेले होते. बसने पूल ओलांडला तेव्हा डोळे मिटून घेतले. तुला माहीत आहे, मला पुलाची भीती वाटते. पण या वेळी पुलाची नव्हती.

गर्दुल्ल्यांची टेकडीवरची ती वस्ती, जिचं नाव आपण घरात घेत नाही, ती आता बरीचशी पाडलीय. घरं पाडली, माणसं उरलीत. पुलाच्या कमानींखाली बसलेली असतात. एक पोरगी पिशवी घेऊन फिरत होती, वापरलेल्या सुया घेत होती आणि नव्या देत होती. सरकारच्या पैशाने. मी तिला म्हटलं, "लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटायची. तुम्ही कुणाच्या आई?"

बघ, काय विचारलं तिने! मी कोण, असं नाही.

मी फोटो दाखवला. माझ्याकडे त्याचा सैन्यात भरती झाला तेव्हाचाच फोटो आहे, गाल भरलेले, केस बारीक. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "हे असं तोंड इथे कुणाचंच नाही, बाई. नाव सांगा." मी नाव सांगितलं. म्हणाली, "अच्छा, मच्छीमार. तो चार वाजेपर्यंत येतो."

त्याला तिथे मच्छीमार म्हणतात.

आला. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. म्हणाला, "आई, तू इथे कशाला आलीस? बाबा गेले का?"

त्याला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. बघ, आम्ही दोघं सारखीच.

मी म्हटलं, "बाबा चांगले आहेत. तू पोलिसांना माझा पत्ता का दिलास?"

तो खाली बघत म्हणाला, "दुसरा कुठला पाठ नव्हता."

मी पाव आणि ऑम्लेट नेलं होतं. अर्धं खाल्लं, अर्धं शेजारच्याला दिलं. फार खोकतो. मी समितीचं सांगितलं. आधी हसला, म्हणाला, "गप्पा मारायला बोलावलंय?" मग म्हणाला, "आत गेलो की मागून दार लावून घेतील. मला ठाऊक आहे ते." मी म्हटलं, खुर्च्यांवर अजून प्लास्टिक आहे, पळताना आवाज होईल, एवढंच. तो पुन्हा हसला, या वेळी जरा खरं.

म्हणाला, तीस तारखेला येईन.

मी त्याला तिथेच सोडून परत आले.

इडालिना


सेतुबाल, १ ऑगस्ट, तातडीच्या टपालाने

आर्मिंदू,

तू शुक्रवारी निघशील. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून तातडीचं टपाल.

मी त्याला तिथे सोडून आले नव्हते. तो त्याच बसने माझ्याबरोबर आला. गेल्या पत्रात खोटं लिहिलं. लिहिताना तो पलीकडच्या खोलीत होता, घामाने भिजलेला, भिंतीकडे तोंड करून कण्हत होता, आणि मला वाटलं, दोन दिवसांत पळेलच, मग तुला कशाला सांगायचं? पळाला नाही. म्हणजे दोनदा बाहेर गेला आणि परत आला. कुठे गेला होता ते मी विचारलं नाही. पैशांचं पाकीट मी खानावळीतच ठेवत होते. हेही लिहिते. आता काही लपवत नाही.

सोमवारी समिती झाली. मला वाटलं होतं उंच व्यासपीठ असेल, काळे झगे असतील. एक साधं मेज, आणि मेजाच्या पलीकडे तीन माणसं: डॉक्टर टेल्मा, एक टक्कल पडलेला वकील, आणि एक तरुण मुलगा, तो सामाजिक काम बघतो. वकिलाने विचारलं, "पुडी कुणासाठी होती?" हेल्डर म्हणाला, "माझ्यासाठी. दुसऱ्याला देण्याइतकी कधी उरतच नाही." वकिलाने मान डोलावली. ही जणू दुकानातली रोजची बोलणी!

मग टेल्मा म्हणाली, "तुला काय हवंय?"

आर्मिंदू, एवढ्या वर्षांत आपण त्याला पुष्कळ विचारलं. का केलंस, कुठे होतास, कुणी शिकवलं, लाज वाटते का. हे विचारलं नव्हतं.

तो म्हणाला, "खोकला थांबला तर बरं."

त्यांनी ठरवलं असं: उपचार घेणार असेल तर प्रकरण थांबवायचं. रोज सकाळी केंद्रावर जायचं, नर्ससमोर मेथाडोन प्यायचं. सरबतासारखं असतं, गर्द सोडलं तरी त्याने अंग मोडून येत नाही. छातीचा फोटो काढायचा. काढला. क्षय आहे, बरा होण्यातला. गोळ्या रोज, एकही चुकवायची नाही, आणि त्यासाठी एका जागी राहायला हवं, असं डॉक्टरांनी मला बोट दाखवून सांगितलं.

वकिलाने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "मी आणि माझा नवरा. तो परदेशी असतो, ऑगस्टला येतो." "त्याची काही हरकत?" मी म्हटलं, "नाही. तोच म्हणाला, ठेवून घे."

हेल्डरने माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर विचारलं, "खरंच म्हणाले बाबा?" आणि मी हो म्हटलं.

आता तू शनिवारी येशील. दार उघडशील तेव्हा तो आत असेल, आणि त्याला वाटत असेल की तू बोलावलंस. मी तुझ्या तोंडी शब्द घातलेत, ते तू गिळशील की थुंकशील ते तू बघ. पण एक सांगून ठेवते. त्याला बाहेर काढलंस तर मी त्याच्याबरोबर बाहेर पडेन. हे धमकीसारखं वाचू नकोस. मला स्वतःलाच या वाक्याची भीती वाटतेय.

इडालिना


सेतुबाल, ९ सप्टेंबर

आर्मिंदू,

तू आलास, दारातूनच बॅग उचललीस आणि पाल्मेलाला तुझ्या बहिणीकडे जाऊन राहिलास. तीन आठवडे. माझ्याशी बोललास ते बाजारात, कोबी निवडताना. लोकांना वाटलं असेल, मी कुणा परक्या माणसाशी कोबीच्या भावावरून भांडतेय. "मी त्याला बाहेर काढलं नाही. मीच बाहेर राहतोय, अजून काय हवं?" असं म्हणालास. पण एक खरं, तू वकिलाला फोन करून माझं खोटं उघडं पाडलं नाहीस. तेवढ्यासाठी मनात तुझे आभार मानले होते.

जाताना म्हणालास, "बघशील, महिन्यात पळेल."

महिना लागला नाही. गुरुवारी केंद्रावर गेला तो परत आलाच नाही. गोळ्यांची डबी उशाशी आहे. वस्तू काही नेली नाही, फक्त तुझा जुना स्वेटर नेला.

शुक्रवारी मी टेल्माकडे गेले आणि ओरडले. सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "कायदा परत फिरवा! मला तो तुरुंगात हवाय. तुरुंगाला भिंत तरी होती. इथे तुमच्याकडे सगळी दारंच दारं."

ती म्हणाली, "मागे तुरुंगातून सुटला तेव्हा कुठे गेला?"

"तिथेच."

"किती दिवसांत?"

"त्याच दिवशी."

ती पुढे काही शहाणपणाचं बोलेल असं वाटलं होतं. नाही बोलली. डोळे चोळले आणि म्हणाली, "खरं सांगू? हे चालेल की नाही, मलाही माहीत नाही. आम्ही नुकतंच उघडलंय. वरून विचारतात, किती आले, किती सुधारले. मी लिहिते, आले इतके. दुसरा रकाना कोरा ठेवते."

मग तिने त्या सुया वाटणाऱ्या पोरीला फोन लावला. त्याला धरू नका, फक्त सांगा, गोळ्या घरी आहेत, आई वाट बघतेय, आणि केंद्रावरची त्याची जागा आम्ही काढून घेतलेली नाही.

तू जिंकलास, आर्मिंदू. तुला जिंकायचं होतं का, ते मात्र मला कळलं नाही. विमानतळावर तुझा चेहरा तसा नव्हता, असं तुझी बहीण म्हणाली.

इडालिना


सेतुबाल, ११ डिसेंबर

आर्मिंदू,

खूप दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं? रोजचं उत्तर रोज बदलत होतं.

ऑक्टोबरात तो आपणहून आला. घरी नाही, केंद्रावर. रुमालात रक्त होतं. नर्सने विचारलं, "आईला कळवू?" तो म्हणाला, आधी दाढी करायला द्या. सहा आठवडे हॉस्पिटलात ठेवलं. मी काचेतून बघायची. गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून मोठा डॉक्टर त्याच्यावर इतका ओरडला, की काचेबाहेर ऐकू आलं. मला बरं वाटलं. त्याच्यावर अजून कुणी ओरडतं, म्हणजे कुणाला तरी आशा आहे.

फेलिस्बेलाने मला काम सोडायला सांगितलं. गिऱ्हाईक खोकल्याला घाबरतं म्हणाली. रडली, पण सांगितलंच. जानेवारीपासून शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय. तोवर बटाट्यांवर भागतंय.

काल त्याची समितीत फेरी होती. टेल्मा मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "दोना इडालिना, एक विचारू? तुमचा नवरा कसा माणूस आहे?"

मी म्हटलं, "का?"

"सप्टेंबरपासून दर सोमवारी फोन करतात. परदेशातून. नाव सांगतात आणि एवढंच विचारतात, आला होता का? मी दर वेळी सांगते, साहेब, तुमचा मुलगा सज्ञान आहे, त्याच्याबद्दल काही सांगायची कायद्याने परवानगी नाही. ते म्हणतात, बरं. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा करतात." मग म्हणाली, "त्यांना सांगा, मला अजूनही काही सांगता येणार नाही. पण करत जा म्हणावं. सकाळी फोन वाजला की वकीलसाहेबसुद्धा म्हणतात, आर्मिंदूंचा असेल."

मी रस्त्यात उभी राहिले. हेल्डर पुढे गेला होता, मागे वळून बघत होता, की ही थांबली का. तुझ्या मागे माणसं खोळंबलेली, तू वाटेत उभा, आणि पलीकडून बाई म्हणतेय, सांगता येणार नाही. तेरा-चौदा सोमवार! वेड्या माणसा, मला का नाही विचारलंस? मी खोटं सांगेन असं वाटलं ना? वाटणारच. सवयच लावली मी तुला.

घरी येऊन मी हेल्डरला सांगितलं. तो जेवत होता. चमचा खाली ठेवला.

"त्यांनी काय सांगितलं बाबांना?"

"काही नाही. कायदा आहे म्हणे. तुझी गोष्ट तुझी."

त्याने ताट बाजूला सारलं. मला वाटलं, रागावला. खोकला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "मग तू लिही. माझी परवानगी आहे म्हणावं. पण सगळं लिही, नुसतं चांगलं लिहू नकोस."

म्हणून लिहिते. काल आला होता. गेल्या आठवड्यात दोन दिवस केंद्रावर गेला नाही, आणि कुठे होता ते मला सांगितलं, आणि ते ऐकून मी दोन तास त्याच्याशी बोलले नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून गोळी मात्र एकही चुकलेली नाही. वजन थोडं वाढलंय. उद्याचं त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

हे त्याने वाचलंय. खाली त्याचीही सही आहे.

इडालिना
हेल्डर